आधी तिकडे, मग इकडे

मामी पोहण्याच्या तलावावर बायकांचे शॉवर धुवायची. एकवीस वर्षं. पाणी भिंतीकडून जाळीकडे लोटायचं, कोपरे ब्रशने घासायचे, आणि येणाऱ्या प्रत्येकीला संडासाचं दार दाखवायचं, "आधी तिकडे, मग इकडे." तरी कुणी शॉवरखालीच लघवी केली, तर तिला वासावरून कळायचं. "बाई, तुम्ही घरी जाता, वास माझ्यापाशी राहतो," असं ती तोंडावर सुनवायची.

घरी तोच कायदा मामाला. तो टेम्पो लावून यायचा तो थेट आंघोळीला घुसायचा. ही दाराशी कान लावून उभी.

"आधी तिकडे जाऊन आलात का?"

"अगं, सगळं एकाच गटारात जातं!"

"मोरी तुम्ही घासता का?"



मग मामीची उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं झालं. मामा तिला स्टुलावर बसवून आंघोळ घालू लागला. तिसऱ्याच दिवशी कोमट पाणी अंगावर पडलं आणि तिला आवरलं नाही. जाळीकडे निघालेली पिवळी रेघ ती नुसती बघत राहिली.

त्यानंतर तिने आंघोळच सोडली. मामाने आत न्यायला घेतलं की डाव्या हाताने चौकट गच्च धरायची. आठवडा गेला. पडून पडून पाठीवर जखम दिसू लागली. "अंग धुतलं नाहीत तर चिघळेल," घरी तपासायला येणारी नर्स म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मामाने तिला दारातच स्टुलावर बसवलं, स्वतः शॉवरखाली उभा राहिला आणि तिच्यादेखत, भिंतीकडे तोंड करून, मोकळा झाला.

"ति... तिकडे!" मामी कडाडली. हात उगारायला तिने चौकट सोडली.

"चुकलं बाई. आता आपण दोघंही गुन्हेगार. चल, पाठ धुतो."

मग रोज तसंच. आंघोळ झाली की मामा मोरी घासायचा, आणि राहिलेला कोपरा ती बोटाने दाखवायची.

जखम मात्र भरली नाही. दोन महिन्यांत मामी गेली.

परवा आई आणि मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो बाथरूममधून टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच ठेवून, व्हरांड्याच्या टोकाच्या संडासाकडे निघाला होता.

"दादा, घसरशील! आता कोण आहे बघायला?" आई ओरडली.

"कुणी नाही," मामा म्हणाला, आणि भिंत धरत तिकडे गेला.

थोड्या वेळाने मोरी घासल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.