पांढऱ्या लुगड्यातल्या आत्यानं लावलेलं लग्न

माझं लग्न एका विधवेनं लावलं.

हे वाचून कुणाला कसंतरी झालं असेल तर होऊ द्या. आज मी कुणाची मनं सांभाळायच्या मूडमध्ये नाही.

सुमनआत्या आज सकाळी गेली. माझ्या वडिलांची धाकटी बहीण.

चोविसाव्या वर्षी तिचा नवरा वारला आणि ती कुरुंद्याला माहेरी परत आली. तेव्हापासून अंगावर पांढरं लुगडं आणि दुसऱ्याच्या शेतातलं काम.

सीझनमध्ये ती हळद शिजवायला जायची. दिवसभर कढईपाशी. नखं कायम पिवळी.

पण घरात लग्न निघालं की नवरीला हळद लावायला तिला कुणी बोलवायचं नाही. माझ्याही हळदीला ती लांबच उभी होती.

आम्ही बौद्ध. घरातले देव आजोबांच्या काळातच गेले. बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या. पण विधवेनं लग्नात पुढं यायचं नाही, हे मात्र कुणी सोडलं नव्हतं.

ते कुठल्या प्रतिज्ञेत लिहिलंय, एवढं विचारायचीही आमच्यात हिंमत नव्हती.

दर रविवारी आत्या विहारात आम्हा पोरांकडून वंदना म्हणून घ्यायची. स्वतःची शाळा चौथीपर्यंत. कॅसेट ऐकून ऐकून तिनं सगळं पाठ केलेलं. कुणी चुकलं की लांबून ओरडायची.

आणि दुसऱ्यांच्या रीतीभाती जाणून घ्यायची तिला भारी हौस. औंढ्याला गेली की देवळाबाहेरच्या बाईला विचारणार, "पिंडीवर बेलच काहून वाहतात?" शेजारच्या चाचींना विचारणार, "रोजा खजुरानंच काहून सोडता?"

चाची वैतागायच्या. "सुमन, तू तो पुलिस है."

माझं लग्न २००२ च्या मे महिन्यात, शाळेच्या पटांगणात. वऱ्हाड सेनगावकडच्या गोरेगावहून जीपांमधून आलं. टाइम दुपारी बाराचा.

एक वाजला तरी लग्न लावणारे बौद्धाचार्य आले नाहीत. मग एसटीडी बूथवर फोन आला. औंढ्याजवळ त्यांची मोटारसायकल घसरली होती. पाय मोडला.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चार दिशांना माणसं पिटाळली. लग्नसराईच ती, जो तो कुठं ना कुठं अडकलेला. वऱ्हाडी भुकेनं कावलेले.

नवरदेवाचे मामा म्हणाले, "आज न्हाई जमत तर पुढची तारीख काढू."

पुढची तारीख म्हणजे काय, ते मांडवात सगळ्यांना कळत होतं. असं परत गेलेलं वऱ्हाड पुन्हा येत नाही. दादा खुर्ची धरून खाली बसले.

तेवढ्यात मांडवामागं भाताच्या पातेल्यापाशी असलेली आत्या पदराला हात पुसत पुढं आली.

"मी लावते लगीन."

मामा उठून उभे राहिले. "बाई, तुमी पांढऱ्या कपाळाच्या. शुभकार्यात तुमी कशा?"

मला वाटलं, आता ती मागं फिरणार. आजवर तेच तर करत आली होती.

ती हलली नाही.

"पांढऱ्याची येवढी तकलीफ काहून, मामा? हिंगोलीत नर्सबाईचं लगीन पाह्यलं म्या चर्चात. नवरी पांढऱ्या झग्यात. आमचे चाचा हजला गेले, तिथं दोन पांढरे कपडे. जैनांच्या साध्वी पांढऱ्यात चालतात, त्यांच्या लोक पाया पडतात. अन् हे बघा, तुमचा भाचा अन् आमची पोरगी, दोघं बी पांढऱ्यातच बसलेत. सगळ्यांचं पांढरं शुभ, अन् माझं तेवढं अशुभ व्हय?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक इथंच बसलेत. विचारा की."

मग मीच स्टेजवरून म्हणाले, "आत्या लावत असेल तर लग्न. नाहीतर मी उठते."

नवरदेवानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "मी पण."

(घाबरलो नव्हतो असं तो आजही सांगतो. साफ खोटं आहे.)

आत्यानं हातपाय धुतले. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. त्रिसरण, पंचशील सुरू झालं. आधी पोरं, मग बायका, मग सगळा मांडव तिच्यामागं म्हणू लागला. ती एका अक्षरालाही अडखळली नाही.

वधूवरांच्या प्रतिज्ञा घ्यायच्या आधी मात्र थांबली.

"नवरदेवाची माय कुठं हाय?"

वऱ्हाडातली एक बाई हळूच म्हणाली, "त्या जीपमधी बसल्यात. त्यांचे मालक न्हाईत ना, म्हणून."

मला वाटत होतं, सासूबाई बायकांत बसल्या असतील.

मे महिन्याचं ऊन, पोटच्या पोराचं लग्न, आणि बाई जीपमध्ये.

"आणा त्यांना. तोवर लगीन थांबलं."

मामा जागचे हलले नाहीत. मग आत्या स्वतः गेली आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना घेऊन आली. त्यांचा पदर तोंडावर, पाय पुढं पडत नव्हते. आत्यानं त्यांना पोराच्या शेजारी उभं केलं, हार त्यांच्या हातात ठेवला.

"तुमीच द्या त्याच्या हातात."

सासूबाईंनी हार दिला. लग्न लागलं. फुलं उधळली, मामांनीही उधळली. मी स्वतः पाहिलंय.

त्यानंतर आत्या काही थांबली नाही. वसमतपासून सेनगावपर्यंत लोक तिला लग्न लावायला न्यायचे. तिची अट एकच. घरातल्या विधवा बायका आधी पुढं बसवा, मगच मेणबत्ती.

दोन वर्षांनी मामाच दारात आले, स्वतःच्या पोरीच्या लग्नाला बोलवायला. आत्यानं चहा पाजला. टोमणा एकच मारला, "लुगडं पांढरंच नेसून येईन बरं."

सासूबाई आता थकल्यात. गुडघे साथ देत नाहीत. सकाळी बातमी कळल्यावर म्हणाल्या, गाडी काढा.

इथं येऊन आत्याच्या उशाशी बसल्या. कितीतरी वेळ तिचा हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "माझ्या पोराचं लगीन म्या डोळ्यांनी पाह्यलं. हिच्यामुळं पाह्यलं."

चार वाजता अंत्यविधी आहे, कुरुंद्यात. बायांनो, या. आणि मागं उभ्या राहू नका.

आत्या, तुझ्या सगळ्या लेकीसुनांचा तुला मानाचा, अखेरचा जयभीम.