हुरड्याची आणेवारी

हुरडा म्हटलं की मला अजून ओढ्याकाठचं ते शेत दिसतं आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटते. तेव्हा मी सोलापूरच्या कचेरीत नवा कारकून होतो. पीक कसं आलं ते आम्ही आण्यांत ठरवायचो. सोळा आणे म्हणजे पुरतं पीक. आणेवारी सहा आण्यांच्या खाली आली, तरच गावाला शेतसाऱ्यात सूट. त्या वर्षी पाऊस लवकर उघडला होता आणि वळसंगच्या बाजूचं एक गाव त्या सुटीकडे डोळे लावून बसलं होतं.

मामलेदार रावसाहेब आणि मी छकड्यातून गेलो. वाटेत माळावरची ज्वारी मी पाहिली होती. गुडघ्याएवढी, पिवळी पडलेली. पण गावच्या पाटलांनी आम्हांला थेट ओढ्याकाठच्या आपल्या काळ्या रानात नेलं. शेणकुटांची आगटी फुललेली होती. पाटलांच्या आई भरलेली कणसं तेवढी निवडून द्यायच्या, पाटील ती भाजून गरम गरम हातावर चोळायचे. शेंगदाण्याची चटणी, मडक्यातलं दही. कारकुनांना शहरात भाकरी मिळत नाही वाटतं, अशी घरातल्या सुनांची थट्टा चालली होती. इतका गोड हुरडा मी पुन्हा खाल्ला नाही.

हात पुसत रावसाहेबांनी मला विचारलं, किती धरायची? ऊन चढलं होतं, पोट भरलं होतं, माळापर्यंत चालवत नव्हतं. मी दहा आणे म्हणालो. तेच कायम झालं.

सारा पुरा वसूल झाला. माळावरची माणसं त्या उन्हाळ्यात सोलापूरला गिरणीच्या दारात बदली कामाच्या आशेनं उभी राहिली. पुढं पाटील कचेरीत भेटले तेव्हा, जणू दोष त्यांचाच, मी विचारलं की माळ का दाखवला नाहीत.

"पावन्याला पोचट कणसं घालायची व्हय, भाऊसाहेब?"

त्यांनी काही लपवलं नव्हतं. निवडलेल्या शेतातली निवडलेली कणसं खाऊन सगळ्या गावाचं पीक मी ठरवलं होतं.

पुढं पुन्हा तसंच कोरडं वर्ष आलं. रावसाहेबांना विचारून मी गावातल्या सगळ्या शेतांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहिले, टोपीत घातले आणि काही चिठ्ठ्या कोतवालाला न बघता काढायला लावल्या. गावात माळच जास्त, त्यामुळं बहुतेक चिठ्ठ्या माळाच्या निघाल्या. पाटील ओशाळले. "हितं नको, लोक हसतील की," म्हणत ते मला पुढच्या शेताकडं नेऊ बघत होते. मी हललो नाही. चिठ्ठीतल्या प्रत्येक शेतात एक तुकडा आखून त्यातलं प्रत्येक कणीस, पोचटसुद्धा, कापून, मळून, वजन करून घेतलं. त्या वर्षी सूट मिळाली.

काम आटोपल्यावर पाटील म्हणाले, "आता तरी वढ्याकडं चला. आई वाट बघतीया."

मी नको म्हणालो. आकडे लिहून झाले होते, खायला काहीच हरकत नव्हती. तरी मागच्या हुरड्याच्या धास्तीनं नको म्हणालो. पाटलांनी पुन्हा आग्रह केला नाही. ते एकटेच ओढ्याच्या वाटेनं निघून गेले.