सुमिएबाईंनी कापलेल्या कुस्त्या

जपानमधल्या उओझूच्या मासळीबाजारात तामोत्सु किशी यांचा आवाज एकतीस वर्षं घुमला. पहाटे लिलाव पुकारायला ते पेटीवर उभे राहिले, की बंदराच्या पार दुसऱ्या टोकाला जाळी धुणाऱ्यांनाही आत कोणाचा माल चाललाय ते कळायचं. निवृत्त होऊन दीड वर्षही झालं नसेल, एका सकाळी न्याहारी करताना त्यांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या गळून पडल्या. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. पाय लवकर सावरला, हातही बराच सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समोरच्याचं सगळं समजायचं, पण स्वतःचा शब्द काही केल्या सापडायचा नाही. एकच उरला होता, "ते". पाणी हवं तरी "ते", खिडकी लावायची तरी "ते", बायकोला हाक मारायची तरी "ते".

"अहो, ते म्हणजे काय? चहा?" सुमिएबाई विचारायच्या.

मान आडवी हलायची.

"मग चष्मा?"

"ते," म्हणून तामोत्सु तोंड फिरवून बसायचे.

पूर्वी शेजारणी चेष्टा करायच्या, "नवऱ्याला आवाज कमी करायचं बटण बसवून घे गं बाई." आता कोणी तसं म्हणेना, आणि सुमिएबाईंना तेच जास्त लागायचं.

नोव्हेंबरात सुमोची मोठी स्पर्धा सुरू झाली. पंधरा दिवस रोज दुपारी टीव्हीवर कुस्त्या. आठव्या दिवशी सुमिएबाई ओट्याशी मुळा सोलत होत्या. टीव्हीवर मल्लांची नावं पुकारणारा आखाड्यात येऊन, हातपंखा उघडून, आधी हिगाशी म्हणजे पूर्व आणि मग त्या बाजूच्या मल्लाचं नाव लांबलचक सुरात आळवत होता, "हिगाआआशी... होशिनामीईई..." बाईंना वाटलं, आज आवाज जोडीने येतोय. त्यांनी वळून पाहिलं. तामोत्सुंचे ओठ हलत होते. शब्द पुरता उमटत नव्हता, पण सूर अगदी नेमका होता.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी ही गोष्ट रुग्णालयात वाचा-उपचार करणाऱ्या अरिसाकाच्या कानावर घातली. मुलगी वयाने लहान, पण कामात पक्की.

"असं होतं कधी कधी," ती म्हणाली. "ज्यांना बोलता येत नाही, त्यांना गाता मात्र येतं. तोच पुकारा त्यांना पुन्हापुन्हा ऐकवायला हवा, आणि प्रत्येक पुकाऱ्यानंतर त्यांना म्हणायला वेळ द्यायला हवा. टीव्ही तर कोणासाठी थांबत नाही."

सुमिएबाई बसने परत आल्या त्या थेट नेझूंच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात. नेझू सत्तरीचे, तोंडाने फटकळ. बाईंच्या घरातला टीव्ही, पंखा, भात शिजवायचं भांडं, सगळं त्यांच्याच दुकानातलं.

"टीव्हीवरचा सुमो कापून हवाय," बाई म्हणाल्या.

"कापून? मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात होतात ना तुम्ही? तिकडचीच सुरी आणा," नेझू म्हणाले. पण सगळं ऐकल्यावर संध्याकाळी स्वतःच बाईंच्या घरी आले. नागोयाला नोकरीला गेलेल्या, बाईंच्या मुलाचा डेस्कटॉप त्याच्या खोलीत धूळ खात पडला होता. नेझूंनी तो उघडला, आत टीव्ही दिसण्यासाठी एक कार्ड बसवलं, भिंतीतल्या अँटेनाची वायर त्याला जोडली आणि बाईंना खुर्चीत बसवलं.

"माउस आहे तो, मासा नाही. इतका आवळून धरू नका, पळून नाही जायचा."

"तुम्ही शिकवताय की ओरडताय?"

"दोन्ही. लिहून घ्या."

बाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं. तरी पहिल्या दिवशी कॉम्प्युटर अर्ध्या तासातच झोपी गेला, आणि हाती लागली ती फक्त खालच्या दर्जाच्या मल्लांची ढकलाढकली. नेझू परत आले, कुरकुरत ती झोप बंद करून गेले. पुढचे पाच दिवस रेकॉर्डिंग नीट झालं. रोजचे तीन तास. त्यातून मल्लांचं कुस्तीआधी मीठ फेकणं, वाट बघणं, समालोचन, कुस्तीसुद्धा, सगळं कापून टाकायचं आणि ठेवायचे फक्त पुकारे. कुठून कापायचं ते पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवून शोधायचं. एखादा पुकारा जरा अलीकडेच तुटला, की बाई पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक नावामागे त्यांनी सहा सेकंदांचा काळा, मुका तुकडा जोडला. तीन आठवडे खपून एकवीस मिनिटं तयार झाली.

तामोत्सुंनी पहिल्यांदा पाहिलं आणि काळा पडदा आल्यावर त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. "ते, ते," म्हणून बोट दाखवू लागले.

"बिघडलेलं नाही. तो तुमचा भाग आहे," बाई म्हणाल्या. "पुकारा."

चार दिवस ते नुसते बसून राहिले. पाचव्या दिवशी रागावून उठून गेले. सुमिएबाई कॉम्प्युटरसमोर एकट्याच बसल्या आणि चीड येऊन स्वतःच मोठ्याने पुकारू लागल्या. त्यांचा सूर असा काही भरकटला की दार सरकलं, तामोत्सु आत आले, बायकोकडे लिलावात शिळी मासळी बघावी तसं बघितलं आणि म्हणाले,

"हिगाआआशी."

सुमिएबाई हलल्या नाहीत. पुढचा काळा तुकडा आला. "होशि..." इतकं आलं. "नामी" यायला आणखी दहा दिवस गेले.

मग अरिसाकाच्या सांगण्यावरून बाईंनी नवे तुकडे केले. कधी पुकाऱ्याचा शेवट मुका, कधी सुरुवात. त्याच सुरात घरातले शब्द बसवले. जानेवारीत एका दुपारी आतून लांबलचक आळवणी आली, "चहाआआ..." बाई हसत हसत चहा ठेवायला गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

त्या बुरी नावाच्या माशाचे ताजे काप घेऊन नेझूंकडे गेल्या.

"मी काय केलं? वायर जोडली," नेझू म्हणाले.

"दोनदा आलात. आणि ओरडलात."

"मग काप घेतो," म्हणून त्यांनी डबा ठेवून घेतला.

वसंतापर्यंत साठेक शब्द आले. बाजारातला तो आवाज परत आला नाही, येणारही नाही. त्याची खंत तामोत्सुंना आहे, बाईंनाही. पण आता अरिसाका दुसऱ्या घरांतली माणसं सुमिएबाईंकडे पाठवते. परवा कुवाए नावाच्या बाई नवऱ्याला घेऊन आल्या. त्याचंही बोलणं गेलंय, आणि त्याला हवामानाच्या बातम्यांखेरीज कशातच रस नाही. सुमिएबाईंनी त्यांच्यापुढे कीबोर्ड सरकवला.

"मी करून देणार नाही, शिकवते. तुमचा माणूस कुठे अडतो ते तुम्हालाच कळणार."

तामोत्सु तोवर शेजारच्या खोलीत कुवाएंच्या नवऱ्यापाशी जाऊन बसले होते. दोघं मिळून मोजून चार शब्द बोलले असतील. पण दोन तास कोणीच उठलं नाही.