सगळे प्लॉट सक्करदऱ्यात

वर्तमानपत्राचे डेस्क सोडल्यावर मी छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळू लागलो. त्यातल्या एक ताई प्लॉट विकत. वय पंचेचाळीसच्या आसपास, माहेर हातमागावर विणणाऱ्यांचे, सक्करदऱ्यात पहिल्या मजल्यावर एका खोलीचे ऑफिस. साइट सुरू होऊन वर्ष झाले होते. तिच्यावरून आलेले फोन बोटांवर मोजता येत होते. बुटीबोरीच्या एका बिल्डरने त्यांना नोकरी देऊ केली होती आणि महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत उत्तर मागितले होते. स्वतःची पाटी उतरवून दुसऱ्याच्या काउंटरवर बसायचे त्यांच्या जिवावर आले होते. हे त्यांनी एकदाच सांगितले.

साइटवर माणसे येत नव्हती असे नाही. किती आली, कोणत्या पानावर किती वेळ थांबली, कुठून परत गेली, याचे आकडे रोज मिळत. छापील पेपरात वाचक तिसऱ्या ओळीला निघून गेला तरी आम्हाला कळत नसे. इथे कळत होते. प्लॉटचे पान उघडायचे, फोटो पाहायचे, नकाशावर बोट ठेवायचे आणि निघून जायचे, असा बहुतेकांचा क्रम होता.

फोटो जड आहेत म्हणून लोक कंटाळत असावेत, असा माझा पहिला अंदाज. फोटो हलके केले. पान झटक्यात उघडू लागले आणि लोक नकाशापर्यंत आणखी लवकर पोचून तितक्याच लवकर परत जाऊ लागले.

मग मी गिऱ्हाइकासारखा स्वतःच्या मोबाइलवर साइट पाहत बसलो. हुडकेश्वरच्या प्लॉटचा नकाशा उघडला. खूण सक्करदऱ्यात. कन्हानचा उघडला. तोही सक्करदऱ्यात. अकराच्या अकरा प्लॉट ताईंच्या ऑफिसात होते.

"ताई, नकाशे चुकलेत," मी म्हणालो.

"चुकले नाहीत भाऊ. मीच तसे लावले."

"का?"

"तुम्ही पेपरवाले, छापून मोकळे. प्लॉट कुठं आहे हे सांगतलं का पार्टी संध्याकाळी मालकाच्या दारात. मंग मले कोण इचारते?"

त्यांच्या धंद्यात ही रीतच होती. गिऱ्हाईक आधी ऑफिसात येणार, मग एजंट त्याला गाडीवर बसवून जागा दाखवणार. साइट करून देताना मीही हे विचारले नव्हते. बातमीत 'कुठे' राहिले तर डेस्कवरून कॉपी परत जाते, एवढे ठाऊक असून.

"तुम्ही जागा विकता आणि जागाच सांगत नाही," मी म्हणालो.

त्या हसल्या, पण लगेच मानल्या नाहीत. दोन दिवसांनी एका प्लॉटपुरती परवानगी दिली. हुडकेश्वरच्या पुढे एका शेतकरी काकांनी आपल्या जमिनीच्या कडेला पाडलेल्या प्लॉटांपैकी तो एक होता. उरलेल्या जमिनीत ते अजून तूर घेत.

खरी खूण लावली. त्या पानावरचे आकडे आठवड्यातच बदलले. लोक नकाशावरून परत जाईनात. काहींनी रस्ता दाखवणारे बटणही दाबले. फोन मात्र एकही आला नाही.

"पाह्यलं?" ताई म्हणाल्या. "गेले डायरेक्ट."

आकडे माणसाला रस्त्यापर्यंत दाखवत होते. पुढचे दाखवत नव्हते. शुक्रवारी आम्ही दोघे हुडकेश्वरला गेलो. काका बांधावर उभे होते.

"काका, कोणी आलं होतं का प्लॉट पाहाले?" ताईंनी विचारले.

"आले ना चार-पाच जण. एक तं बायकोले घेऊन आला. भाव इचारून राहिला होता."

ताईंनी माझ्याकडे पाहिले.

"मी म्हटलं, मले काय इचारता? मोजणी बाईनं केली, फेरफार बाईनं केला, कागदं तिच्याजवळ. आयतवारी सकाळी या, बाई येते."

"कोणत्या आयतवारी?"

"ह्याच."

"अन् मले कोण सांगणार होतं?"

"सांगाचं राह्यलं वं," काका म्हणाले. "आता सांगतलं ना."

परतताना रिंग रोडच्या सिग्नलला ताई म्हणाल्या, "एवढी वर्षं मले वाटे, पत्ता माह्याजवळ आहे म्हणून लोक येतात."

शनिवारी त्यांनी बुटीबोरीला फोन करून नकार कळवला.

रविवारी तीन कुटुंबे आली. एका बाईने प्लॉटची लांबी पावलांनी मोजली, नवऱ्याने पुन्हा मोजली, दोघांची पावले जुळली नाहीत. ताईंनी डिकीतून टेप काढला. सौदा त्या दिवशी झाला नाही. त्या जोडप्याने कागदांच्या प्रती मागून घेतल्या आणि मंगळवारी वडिलांना घेऊन येतो म्हणून सांगितले.

दुपारी ताईंनी मला नऊ प्लॉटची लोकेशन पाठवली. दहाव्याचे नव्हते. विचारले तर म्हणाल्या, कन्हानचा प्लॉट त्यांनी गिऱ्हाइकांना नेहमी गाडीवरूनच दाखवला होता, नेमका कोणता ते त्यांनाही सांगता येईना. सोमवारी त्या मोजणीचा नकाशा घेऊन कन्हानला गेल्या, चारही कोपऱ्यांच्या खुणा शोधल्या आणि प्लॉटच्या मधोमध उभ्या राहून मला लोकेशन पाठवले.