अर्ध्या पडद्याचा खेळ

माझ्या खेळाच्या यंत्राला दोन कंट्रोलर आहेत. एक रोजच्या वापराचा, डाव्या कांडीवरचं रबर माझ्या अंगठ्याने खाल्लेला. दुसरा नव्यासारखा आहे. तो कुणी वापरत नाही, पण मी त्याला अधूनमधून चार्जिंगला लावतो, कारण तसाच पडू दिला तर बॅटरी मरते. एकट्या माणसाला दोन कशाला लागतात, असं केबलवाल्याने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "पाहुणे येतात." त्याने घरभर नजर फिरवली आणि वायर गुंडाळायला घेतली.

मी श्रीवर्धनच्या बाजूला राहतो. मागे सुपारीची वाडी, पुढे रस्ता आणि रस्त्यापलीकडे माझ्या बालमित्राचं घर. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो, लग्न केलं नाही, आणि आता पन्नाशीच्या उंबऱ्यावर व्हिडिओ गेम खेळतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी लोकांना समजतात. तिसरी मी सहसा सांगत नाही. मित्र आखातात नोकरीला आहे. दीड-दोन वर्षांनी एकदा महिनाभर येतो. त्या महिन्यातले तीन आठवडे दावती, दवाखाने आणि घराच्या बांधकामात जातात. उरलेल्यात तो झोपतो.

खेळाचा नाद आम्हाला त्याच्याच घरात लागला. त्याचे अब्बा कुवेतहून पहिलं यंत्र घेऊन आले होते. ते टीव्हीला जोडून आम्ही जमिनीवर बसायचो आणि त्याची अम्मी मध्ये सांदणांची ताटली ठेवून जायची. तेव्हापासून आमच्याकडे खेळाची वस्तू यायची ती कुणाच्या तरी बॅगेतूनच. साबण, दुधाची पावडर, खजूर, ब्लँकेट आणि त्याच्या घड्यांमध्ये एखादी सीडी. त्यावर आमचा विश्वास अजून आहे. कुरिअर माणगावपर्यंत येतं आणि तिथे दमतं. नेटवर आजचे अवाढव्य खेळ उतरवून घ्यायचे, तर शनिवार-रविवारी हरिहरेश्वरला पर्यटक जमले की टॉवर त्यांचे सूर्यास्त वर पाठवण्यात गुंतलेला असतो. बॅगेतून आलेली तबकडी मात्र यंत्रात घातली की चालते, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव.

आमचा खरा खेळ एकच. दोन माणसं एक मोडकळीला आलेला डोंगरी मुलूख ओलांडतात. एकाने दोर धरायचा, दुसऱ्याने चढायचं, मग उलट. टीव्हीचा पडदा मधोमध विभागलेला असायचा. डावीकडे मी, उजवीकडे तो. पहिला भाग आम्ही माझ्या ओटीवर शेजारी बसून संपवला. तेव्हा तो अजून गावात होता. दुसरा भाग आला तोपर्यंत तो आखातात गेला होता, मग शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही नेटवरून खेळायला लागलो. खेळ उतरवायला नेट लागतं तितकं खेळायला लागत नाही. कानाला हेडफोन लावायचा, तिकडे त्याची दुपार, इकडे माझी संध्याकाळ. दर शुक्रवारी तो आधी म्हणायचा, "काय मास्तर, पोरांना पानिपत हरवलंस काय या आठवड्यात?" आणि मी म्हणायचो, "हरवलं, शेठ. आता दोर धर."

तिसऱ्या भागाची घोषणा झाली ती एका मोठ्या सोहळ्यात. काळा टी-शर्ट घातलेला गृहस्थ मंचावर आला, दिवे मंदावले आणि त्याने सांगितलं की आता एकत्र खेळण्याचा अर्थच बदलणार आहे. समोरची माणसं उभी राहून ओरडली. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे राज्याभिषेकांचं मला फार कौतुक उरलेलं नाही. शिवाय आमच्या खाडीवरच्या जेटीचं भूमिपूजन तीनदा झालेलं मी पाहिलं आहे, तिन्ही वेळा नवा नारळ. जेटी अजून व्हायची आहे. पण मंचावरच्या पडद्यावर तो डोंगर दिसला, दोर दिसला, आणि मी घरात एकटाच असताना मोठ्याने "अरे वा" म्हणालो. असं काही म्हटल्यावर उत्तराला कुणी नसेल तर ते शब्द बराच वेळ खोलीत राहतात.

मग खेळ पुढे ढकलला गेला. पुन्हा ढकलला गेला. प्रत्येक वेळी निवेदन यायचं की आम्हाला तुम्हाला सर्वोत्तमच द्यायचं आहे. मित्राने दोनदा रजा पुढे सरकवली. बायकोला त्याने कामाचं कारण दिलं, खरं कारण मला माहीत होतं.

"ह्या टायमाला नेटवर नाय," तो म्हणाला होता. "बाजूला बसून. पहिल्यासारखं. मी येईपर्यंत तू घ्यायचा नाय हां."

"आणि तू तिकडे उघडलास तर?"

"अल्लाची कसम, प्लॅस्टिकपण काढणार नाय. मीच घेऊन येतो. बॅगेतून."

खेळ बाजारात आला. मी शब्द पाळला. त्याबद्दल कुठे वाचलं नाही, कुणी खेळतानाचे व्हिडिओ पाहिले नाहीत. आता वाटतं, थोडं वाचलं असतं तर बरं झालं असतं.

तो फेब्रुवारीत आला. या वेळी घरावर वरचा मजला चढवायचा होता. आखातातल्या माणसाची रजा आणि स्लॅब यांचं आमच्याकडे लग्नासारखं आहे. मुहूर्त एकदाच येतो आणि सिमेंटवाला उशीर करतो. लोखंड आलं तर सेंटरिंगवाला गायब, तो सापडला तर खडी नाही. रस्त्यापलीकडून मला त्याचा आवाज ऐकू यायचा, पण तो माझ्याशी बोलत नसायचा. शेवटी एक संध्याकाळ ठरली. "त्या दिवशी कोण मेला तरी मी येणार," असं त्याने जाहीर केलं.

मी कांदा भजी केली. खुर्च्या शेजारी-शेजारी लावल्या, मग एक थोडी लांब सरकवली, कारण दोन्ही फारच तयारीने बसल्यासारख्या दिसत होत्या. दुसरा कंट्रोलर सकाळपासून चार्जिंगला होता.

तो आला, हाताला सिमेंट आणि काखेत खोका. भाभीने दिलेला खिम्याच्या समोशांचा डबा वेगळा. खोका त्याने माझ्या हातात दिला. त्याचं प्लॅस्टिक खरंच काढलेलं नव्हतं.

"हलका आहे रे," मी म्हटलं.

"मलापण वाटलं. आता सगळंच हलकं करतात."

आत तबकडी नव्हती. ती बसवायची गोल खाच होती आणि खाचेत घडी घातलेला एक कागद. त्यावर इंग्रजीत आणि अरबीत अक्षरं आणि आकडे. तो कोड यंत्रात भरायचा आणि खेळ नेटवरून उतरवून घ्यायचा. आम्ही कोड भरला. यंत्राने थोडा विचार केला आणि सांगितलं की हा कोड आपल्या प्रदेशात वापरता येणार नाही.

त्याने कागद उलटा करून पाहिला.

"म्हणजे मी विमानाने काय आणलं?" तो म्हणाला.

"खोका."

"पावडरीचा एक डबा काढला मी बॅगेतून ह्याच्यासाठी! अम्मी अजून विचारते, एक डबा कमी का."

आम्ही हसलो. बराच वेळ हसलो, जरुरीपेक्षा जास्तच. मग तो म्हणाला, "थांब, माझं खातं तिकडचं हाय. त्याच्यात भरू. उतरेल परवापर्यंत, मी एक दिवस काढतो काहीतरी करून." तो पासवर्ड आठवत बसला. मी खोका उलटा करून पाठीमागचा बारीक मजकूर वाचला. एका चौकटीत एका माणसाचं चित्र होतं. त्याखाली लिहिलं होतं, दोन खेळाडू, फक्त ऑनलाइन.

मी ते पुन्हा वाचलं. मग त्याला दाखवलं. विभागलेला पडदा त्यांनी काढून टाकला होता. आता प्रत्येकाला आपलं यंत्र हवं, आपला टीव्ही हवा, आपला खेळ विकत घेतलेला हवा. त्याचं यंत्र आखातातल्या खोलीत होतं. म्हणजे तो माझ्या शेजारी बसलेला असेपर्यंत आम्हाला तो खेळ एकत्र खेळता येणार नव्हता. त्यासाठी त्याने परत समुद्रापार जायला हवं होतं. मंचावरचा गृहस्थ खोटं बोलला नव्हता. एकत्र खेळण्याचा अर्थ खरंच बदलला होता.

"जुना काढ," मित्र म्हणाला.

जुनं यंत्र मी तांदळाच्या पिंपात ठेवतो, कापडात गुंडाळून. खारी हवा बाहेर ठेवलेल्या कुठल्याही यंत्राची पितळी टोकं वर्षभरात हिरवी करते. तांदूळ निदान दमटपणा ओढतो. आम्ही ते बाहेर काढलं, वायरी फुंकल्या. ते चालू झालं. त्याने अपडेट मागितला नाही, खातं मागितलं नाही, आम्ही कुठल्या प्रदेशातले ते विचारलं नाही. पडदा मधोमध दुभंगला आणि उजवीकडे तो उभा राहिला. नव्या कंट्रोलरांना या यंत्राशी बोलता येत नव्हतं, म्हणून आम्ही पिंपातच ठेवलेले जुने, वायरवाले घेतले. भज्यांचं तेल त्याच्या बटणांना लागलं आणि मी लागू दिलं.

आमची बोटं जड झाली होती. पहिल्याच कड्यावर तो दोनदा पडला.

"मास्तर, दोर धर ना नीट!"

"मी धरलाय. तू उडी चुकीच्या वेळी मारतोयस."

"तिकडं बघ, तिकडं, डावीकडं! नाय, माझ्या डावीकडं!"

तो कोपराने मला ढोसत होता. नेटवरून खेळताना हे राहूनच जातं.

मग त्याचा फोन वाजला. खडीचा ट्रक आला होता आणि कुठे ओतायची म्हणून ड्रायव्हर ओरडत होता. तो उठला. "दोन मिनिटांत आलो," म्हणाला. पडद्याचा उजवा भाग तसाच राहिला, त्यातला माणूस कड्याच्या टोकाशी उभा राहून श्वास घेत होता. मी डावीकडच्याला हलवलं नाही. भजी गार झाल्यावर मी यंत्र बंद केलं. "आलो, आलो," असं तो रस्त्यापलीकडून ओरडल्याचं ऐकू आलं, पण तो ट्रकवाल्याला सांगत होता.

स्लॅब पडला. त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला. निघताना रस्त्यात गाडी थांबवून म्हणाला, "शुक्रवारी." मी मान हलवली.

नवा खेळ मी इथे विकत घेतला. उतरायला आठवडा लागला. खेळ चांगला आहे हे मान्य करायला हवं. डोंगरावरचं धुकं इतकं खरं आहे की दोन-तीनदा मी नुसता उभा राहून पाहत राहिलो. पडदा आता पूर्ण माझा आहे. तो कुठे आहे, काय करतो आहे, ते मला दिसत नाही. विचारावं लागतं.

मागच्या शुक्रवारी तो मध्येच म्हणाला, "स्लॅबवर पाणी हाय का रे? आळ्यांत पाणी नाय राहिलं तर तडे जातील. घरचे म्हणतात मारतो पाणी, पण तू बघ."

मी कंट्रोलर खाली ठेवला आणि गच्चीवर गेलो. रस्त्यापलीकडे नव्या स्लॅबवर सिमेंटच्या छोट्या बांधांचे चौकोन होते आणि सगळे काठोकाठ भरलेले. एका चौकोनात बगळा उभा होता. मी थोडा वेळ पाहत राहिलो. मग खाली येऊन हेडफोन लावला.

"भरलंय," मी म्हटलं. "एक बगळापण आहे."

"बगळा मरू दे. तू दोर सोडून गेलास!"

माझ्या पडद्यावर माझा माणूस कड्यावर एकटा उभा होता आणि दोराचं टोक धुक्यात खाली गेलं होतं.

"कुठे आहेस?"

"खाली," तो म्हणाला. "खेच."