याडीच्या केसांतल्या टोपल्या

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी नांदेडच्या एका दवाखान्यात पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवायचं काम करायचे. मेंदूतल्या लहरी कागदावर उमटवणारं ते यंत्र. आमच्या डॉक्टरांना त्याचं भारी कौतुक. एकदा म्हणाले, "पुढे बघशील, सही नको, अंगठा नको. डोक्याला पट्टा बांधला की माणूस कोण ते मेंदूच सांगेल. दारं आपोआप उघडतील." मी मान डोलावली. कळमनुरीकडच्या आमच्या तांड्यावर निम्म्या घरांना धड दारच नव्हतं, हे त्यांना कशाला सांगा!

त्याच हिवाळ्यात याडीला झटके यायला लागले. आमच्यात आईला याडी म्हणतात. बोलता बोलता तिचे शब्द हरवायचे, तव्यावर भाकरी टाकून ती शेताकडे चालू लागायची. बा तिला जीपमध्ये घालून नांदेडला घेऊन आले.

अडचण निघाली टोपल्यांची. लग्न झालेली बंजारा बाई कानशिलावरच्या बटांत चांदीच्या टोपल्या गुंफते. नवरा जिवंत असेपर्यंत त्या उतरत नाहीत. आणि माझ्या तारा नेमक्या तिथंच लावायच्या होत्या.

"काहून काढू?" याडी माझ्यावर खेकसली. आमची बोली वेगळी, इथं मराठीत लिहिते आहे. "तुजा बा बाहीर जित्ता बसून राहिला न्हवं?"

मी तारा इकडेतिकडे सरकवून पाहिल्या. जमेना. शेवटी बा आत आले. "मीच सोडतो. माज्या हातानं सोडल्यावर कसला आलाय अपशकुन?" त्यांनी एकेक बट उलगडली. याडी डोळे गच्च मिटून बसली होती.

मेंदू झिजत चाललाय, डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी झटके थांबतील, पण गेलेलं परत यायचं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी टोपल्या पुन्हा गुंफल्या.

याडीच्या मनात मात्र त्या उतरल्या त्या उतरल्याच. तांड्यावर परतल्यावर ती नवरा गेला म्हणून रडू लागली. बा समोर आले की ओढणी तोंडावर ओढून घ्यायची. "भाऊ, कुनाकडं आलात?"

आधी सगळे हसले. बासुद्धा हसले. "मेलेल्याला जेवाया तरी वाढ," म्हणायचे. मग त्यांचं हसू आटलं आणि ते पुरावे देऊ लागले. बैलाच्या खुराखाली चेंगरलेलं पायाचं बोट दाखवलं. लग्नानंतर दोघांतच झालेलं काहीबाही, माझ्यासमोर लाज सोडून सांगितलं. ती संशयानं बघत राहिली. "हे त्यालाच म्हाईत होतं. तुमाला कुनी सांगितलं?"

मला नुसता संताप यायचा. त्या रोगाचा, डॉक्टरांच्या त्या पट्ट्याचा, आणि काही वेळा याडीचासुद्धा. जिच्याबरोबर जन्म काढला तिच्यापुढे बांनी अजून काय काय सिद्ध करायचं होतं?

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी होते. बा दुपारी शेतातून आले. याडी ओसरीवर बसली होती. तिनं ओढणी सारखी केली. "भाऊ, माजा मानूस दिसला का कुटं? खरं सांगा. समदे माज्यापाशी खोटं बोलून राहिले."

बा तिच्यापासून लांब, परक्या पुरुषानं बसावं तसे बसले.

"गेला, बाई," ते म्हणाले. "लई दिस झाले."

मी ओरडणार होते. त्यांनी नुसता हात वर केला. याडीनं हंबरडा फोडला, पोटभर रडली, मग उठून तिनं बांना पाण्याचा तांब्या दिला. कित्येक महिन्यांनी ती त्यांच्याशी नीट बोलू लागली. तो माणूस कसा होता, भाकरीबरोबर मिरची कशी खायचा, रागावला की कसा मुका व्हायचा. बा खाली बघत ऐकत होते.

"चांगला होता का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. चांगला होता," याडी म्हणाली. "पन जाताना मला सांगून गेला न्हाई."

बांनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यातलं पाणी तसंच होतं.