इथे गांडूळ का नाही?

तीन आठवड्यांपूर्वी भावोजींचा फोन आला, "विजू, तुझी अक्का गेली गं..." अक्काच्या घरी, पीण्या या कन्नड मुलखातल्या कारखान्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या बसमध्ये मला रडू आलं नाही. थोरल्या बहिणीचे, यमुनाक्काचे, प्रश्नच तेवढे आठवत राहिले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं घरामागच्या मोकळ्या जागेत, मालकाला विचारून, पालक आणि माठ लावला. पाणी शेजारच्या नाल्याचं. भाजी अशी तरारली की गल्लीतल्या बायका सकाळीच दारात यायच्या. रविवारी मीही पिशवी भरून न्यायची.

एका रविवारी अक्का खुरपं घेऊन माती उकरत बसली होती.

"विजू, वर्ष झालं. इथे एक गांडूळ दिसलं नाही. का गं?"

"भाजी तर येतेय ना छान!"

"तेच तर. भाजी येते, मग गांडूळ का येत नाही?"

छत्री घेऊन ती नाल्याच्या काठाकाठानं वर निघाली, मागे मी. दोन गल्ल्या ओलांडल्यावर एक छोटी शेड लागली. तिथे लोखंडी भागांवर मुलामा चढवत होते आणि हिरवट पाणी थेट नाल्यात सोडत होते. दारातला कामगार हसून कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, हे पिऊ नका हं!"

"पीत नाही रे," अक्का म्हणाली, "खातोय आम्ही."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळा मळा उपटला. त्याहून अवघड होतं ते नंतरचं. आपण काय खाऊ घातलं, हे ती घरोघरी जाऊन सांगून आली. एकीनं तो पालक बाळंतीण सुनेला घातला होता. ती कितीतरी महिने अक्काशी बोलली नाही. "सरी आहे तिचं," बरोबर आहे या अर्थी कन्नड शब्द मिसळून एवढंच अक्का म्हणायची.

मग गच्चीवर जुने डबे आले, शेण आलं, स्वयंपाकघरातला ओला कचरा आला. कोणता पाला लवकर कुजतो, कशाला मुंग्या लागतात... तिचं बघून गल्लीत आणखी चार गच्च्या हिरव्या झाल्या. त्यातली एक त्या न बोलणाऱ्या शेजारणीची.

दहाव्याला भावोजी मला म्हणाले, "गल्लीत कुणी आजारी पडलं की ही जाऊन बसायची. काय होतंय, कधीपासून होतंय, सगळं विचारायची. लोकांना वाटायचं, चौकस बाई आहे. घरी आली की जेवायची नाही."

दर रविवारी माझ्याकडेही तिचा फोन यायचा. "पोट बरं आहे ना गं तुझं?" मी वैतागून "हो गं, हो" म्हणायची आणि भलताच विषय काढायची... एकदा तरी नीट सांगायला हवं होतं, "अक्का, मी अगदी बरी आहे. तू जेव."